एकांतातील वाचन आणि राज्यसत्ता : अमेरिकन परंपरानिष्ठ ख्रिस्ती वाचनव्यवहाराची चिकित्सा

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेने श्रद्धावान वाचक आणि पवित्र संहिता यांच्यामधला पुरोहित दूर केला, हे विधान आता पाठ्यपुस्तकी झाले आहे. अमेरिकेतील परंपरानिष्ठ प्रॉटेस्टंट पंथांत, विशेषतः इव्हँजेलिकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहात, त्याला नित्याच्या आचाराचे रूप मिळाले. एकांतात बसून प्रार्थनापूर्वक बायबलचा उतारा वाचणे, त्यावर मनन करणे आणि त्यातून आपल्या आयुष्यासाठी आदेश शोधणे हा तेथील धर्मजीवनाचा कणा होय. हा आदेश खाजगी आचरणापुरता राहत नाही. शासनाची आज्ञा कोठवर पाळावी, कोणत्या राष्ट्राची बाजू घ्यावी, धर्मोपदेशकाने राजकारणात उतरावे की नाही, या प्रश्नांची उत्तरेही तेथेच शोधली जातात. मात्र हा वाचक खरोखर एकटा असतो काय, हा प्रश्न साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो. त्याच्या हातातील छापील पान हेच एक भाष्य असते. ते भाष्य आहे याचे भान सुटले, की भाष्यकाराचा निष्कर्ष शास्त्राची आज्ञा म्हणून स्वीकारला जातो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पानाच्या समासातील राजकारण सत्ताधाऱ्यांनी फार पूर्वी ओळखले होते. १५६० साली जिनीव्हा येथे इंग्रज निर्वासितांनी सिद्ध केलेल्या बायबलच्या समासांत विपुल टीपा होत्या. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात इब्री सुइणी फारोची आज्ञा मोडून नवजात मुलगे जिवंत ठेवतात. तेथील टीपेने त्यांची अवज्ञा योग्य ठरवली. आसा राजाने मूर्तिपूजक आईला राजमातापदावरून दूर केले, पण देहदंड दिला नाही, म्हणून दुसऱ्या एका टीपेने त्याला दोष दिला. १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत राजा पहिला जेम्स याने नेमक्या या दोन टीपांवर आक्षेप घेतला आणि १६११ चे अधिकृत भाषांतर अशा भाष्यपर टीपांवाचून निघाले. राजाला मूळ वचन नव्हे, तर समास खुपला होता.

पुढे १८१६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन बायबल सोसायटीने टीप किंवा भाष्य न जोडता बायबल प्रसृत करण्याचे धोरण स्वीकारले. पंथापंथांतील वाद टाळण्याचा तो व्यवहार्य मार्ग होता. परंतु टीपा गेल्या तरी पान निर्विकार झाले नाही. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातील आहे आणि नव्या कराराचे प्रचलित वचनक्रमांक रोबेर एत्येन या मुद्रकाच्या १५५१ च्या आवृत्तीतून आले. सलग पत्राचे क्रमांकित वचनांत रूपांतर झाले आणि प्रत्येक वचन सुटे काढून प्रमाण म्हणून पुढे करता येऊ लागले. पौलाच्या पत्रांसारख्या युक्तिवादात्मक गद्याचे त्यामुळे झालेले नुकसान मोठे आहे.

भाष्य पुन्हा पानावर आले ते १९०९ साली. सायरस स्कोफील्ड यांचे संदर्भ-बायबल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. त्याची सुधारित आवृत्ती १९१७ साली निघाली. मानवी इतिहासाचे सात कालखंड कल्पून प्रत्येक उतारा त्यांपैकी एखाद्यात बसवण्याची युगविभाजनवादी पद्धती या टीपांनी घरोघर पोहोचवली. ज्याने कोणत्याही धर्मविद्यालयात पाऊल ठेवले नाही अशा वाचकालाही एक सुसंगत चौकट हाती लागली, हे या ग्रंथाचे श्रेय नाकारता येत नाही. पण संहिता वर आणि टीप त्याच पानावर खाली, अशा मांडणीत दोहोंचे अधिकार नकळत एकमेकांत मिसळतात. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला आशीर्वाद देतो. ज्यांनी यहुद्यांचा छळ केला त्यांचे अनिष्ट झाले आणि ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्यांचे भले झाले, असा इतिहासाचा नियम टीपेने तेथून काढला. १९४८ साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाल्यावर या चौकटीत वाढलेल्या अनेक वाचकांना ती भविष्यवाणीची पूर्तता वाटली. परराष्ट्रधोरणाविषयीचे हे मत वाचक आपल्या एकांतातील वाचनाचे फळ समजतो. त्यातला स्कोफील्ड यांचा वाटा त्याला दिसेनासा होतो.

वचन एकच आणि राजकीय निष्कर्ष परस्परविरोधी, याचे ठळक उदाहरण रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय हे आहे. प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे, असे पौल तेथे सांगतो. बोस्टनच्या जोनाथन मेह्यू यांनी १७५० च्या प्रवचनात या उताऱ्यावरूनच जुलमी राज्यकर्त्याला विरोध करण्याचे समर्थन केले. राज्यकर्ता प्रजेच्या हितासाठी देवाचा सेवक असेल, तर अहित करणारा त्या पदास पात्र राहत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. बरोबर शंभर वर्षांनी, १८५० साली, पळून आलेल्या गुलामांना धन्याच्या स्वाधीन करण्याचा कायदा झाला, तेव्हा पलायन केलेल्या दासाला परत देऊ नये हे अनुवाद ग्रंथाचे वचन विरोधकांनी पुढे केले. अँडोव्हर सेमिनरीचे नामवंत बायबलपंडित मोझेस स्टुअर्ट यांनी ते वचन परराष्ट्रातून आलेल्या दासांपुरते आहे असे दाखवून कायद्याच्या पालनाची बाजू घेतली. १८१३ साली मुंबईस आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे पहिले अमेरिकन मिशनरी याच सेमिनरीतून बाहेर पडले होते. स्टुअर्ट यांचे भाषाज्ञान वादातीत होते. म्हणजे पांडित्याने प्रश्न सुटतो असेही नाही.

जून २०१८ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी फोर्ट वेन येथील भाषणात हाच तेरावा अध्याय उद्धृत केला. सीमेवर स्थलांतरितांवर सरसकट खटले भरण्याच्या धोरणामुळे आईबापांपासून मुले वेगळी केली जात होती. त्या धोरणाच्या समर्थनार्थ हे वचन आले. तथापि परंपरानिष्ठांना एकजिनसी मानणे चूक ठरेल. सेशन्स यांच्या प्रशासनाचे पाठीराखे असलेल्या फ्रँकलिन ग्रॅहॅम यांनीही मुलांच्या या ताटातुटीला लज्जास्पद म्हटले.

कधी कधी एकाच वाचकात हे दोन निष्कर्ष क्रमाने आढळतात. मार्च १९६५ मध्ये जेरी फॉलवेल यांनी लिंचबर्ग येथील प्रवचनात नागरी हक्कांच्या मोर्चांत उतरणाऱ्या धर्मोपदेशकांवर टीका केली. उपदेशकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, राजकारणाचे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १९७९ साली त्यांनीच मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना उभारली आणि आधीची भूमिका चुकीची होती असे मानले. बायबल तेच होते. कोणत्या प्रश्नाला धर्माचा प्रश्न म्हणावे याविषयीची धारणा बदलली होती.

या वाचनपरंपरेने स्वतःची शिस्तही घडवली आहे. रॉबर्ट ट्रेना यांच्या १९५२ च्या ग्रंथाने प्रतिष्ठित केलेली विगमनात्मक पद्धती निरीक्षण, अर्थनिर्णय आणि उपयोजन असा क्रम सांगते. आधी संहितेत काय आहे ते पाहावे आणि मगच आपल्यासाठी काय ते ठरवावे, हा तिचा आग्रह साहित्यसमीक्षकालाही मान्य होण्यासारखा आहे. मात्र उपयोजनाच्या घाईत निरीक्षणाची मर्यादा वचनाएवढी आखडते. आणि वाचकाचे स्वतःचे सामाजिक स्थान या पद्धतीत निरीक्षणाचा विषय सहसा होत नाही.

येथे मराठीतील एका ग्रंथाची तुलना उद्बोधक ठरते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला लोकमान्य टिळकांचा गीतारहस्य हाही एकांतातील शास्त्रवाचनातून सार्वजनिक कर्माकडे नेणारा ग्रंथ आहे. टिळकांचा निष्कर्षही त्यांच्या राजकीय जीवनापासून अलिप्त नाही. परंतु त्यांनी आपले दीर्घ विवेचन स्वतंत्र प्रकरणांत आधी मांडले आणि गीतेचे श्लोक, भाषांतर व टीपा त्यानंतर दिल्या. पूर्वाचार्यांची मते खोडताना ती नावानिशी सांगितली. तात्पर्यनिर्णयासाठी मीमांसकांचे उपक्रम, उपसंहार, अभ्यास इत्यादी निकष प्रारंभीच नोंदवले. त्यामुळे वाचकाला भाष्यकाराशी भांडता येते. स्कोफील्ड यांच्या पानावर ही सोय अल्प आहे.

हेच निकष पौलाच्या पत्राला लावून पाहता येतात. बाराव्या अध्यायाच्या अखेरीस छळणाऱ्याला आशीर्वाद द्या, सूड घेऊ नका, शत्रू भुकेला असेल तर त्याला खाऊ घाला, असे सांगितले आहे. अधिकाऱ्यांविषयीच्या सात वचनांनंतर लगेच, शेजाऱ्यावरील प्रीती हीच नियमशास्त्राची पूर्तता, असे येते. उपक्रम आणि उपसंहार दोन्ही प्रीतीचे असताना मधल्या प्रकरणाचे तात्पर्य निव्वळ आज्ञापालन हे ठरत नाही. अध्यायाची रेघ नेमकी उपक्रमाच्या नंतर ओढली गेल्यामुळे हे नाते सहज दिसत नाही. शिवाय पौलाचे श्रोते साम्राज्याच्या राजधानीतील अल्पसंख्य, सत्ताहीन लोक होते. आजचा अमेरिकन वाचक मतदार आहे. ज्या अधिकाराच्या अधीन राहावयाचे त्या अधिकाराचा तो स्वतः अंशतः धनी आहे. म्हणून केवळ ‘कोणाची आज्ञा पाळावी’ एवढेच विचारून त्याला थांबता येत नाही. आपल्या नावाने कोणती आज्ञा दिली जात आहे, हेही त्याला तपासावे लागते.

या तपासणीने स्थलांतरविषयक धोरणाचा तपशील ठरणार नाही, तसा दावाही करता येणार नाही. आईपासून दूर केलेल्या मुलाच्या बाबतीत एका क्रमांकित वचनाने चर्चा संपवता येणार नाही, एवढे मात्र तिने निश्चित होते. वैयक्तिक वाचनाचा हक्क हा प्रॉटेस्टंट परंपरेचा मोठा वारसा आहे. तो हक्क पूर्णत्वाने बजावायचा, तर वाचकाने वचनाबरोबर त्याखालची टीप, त्यावरचा क्रमांक आणि वाचणारा आपण कोण, हेही वाचले पाहिजे.