संवादी फळा आणि भाषाध्यापन : एक चिकित्सा

इंग्लंडमधील प्राथमिक शाळांत १९९८ पासून राष्ट्रीय साक्षरता धोरण राबविण्यात आले. पुढे त्याच वर्गांत शासकीय निधीतून संवादी फळे बसविले गेले. उतारा सर्वांना एकाच वेळी दिसणे, शब्द अधोरेखित करणे, वाक्यातील पदे हलवून पाहणे, केलेले काम जतन करणे, ही त्यांची सोय निर्विवाद आहे. तथापि सोय म्हणजे संवाद नव्हे. स्मिथ, हार्डमन व हिगिन्स यांच्या २००६ च्या अभ्यासात पाठाची गती वाढलेली, परंतु गटकार्याचा वेळ घटलेला आढळला. शिक्षकाने विचारावे व विद्यार्थ्याने उत्तरावे, हा जुना साचा मूलतः कायम राहिला. लंडनमधील माध्यमिक शाळांच्या २००७ च्या मूल्यमापनातही पहिल्या वर्षात संपादणुकीत लक्षणीय वाढ दिसली नाही.

केवळ यंत्राला दोष देणे येथे अपुरे ठरेल. फळ्यापाशी एका वेळी एखाददुसराच विद्यार्थी जातो. उरलेला वर्ग प्रेक्षक होतो. वाचन-लेखन मात्र प्रत्येकाने स्वतः करावयाचे असते. म्हणून किती वर्गांत फळे बसविले यापेक्षा, त्यांच्यामुळे किती विद्यार्थी बोलते व लिहिते झाले, हाच निकष महाविद्यालयीन अध्यापकांनीही मानणे अगत्याचे आहे.