भीमाकडे वळलेली द्रौपदी

मानपाड्यातल्या आमच्या पिढीला द्रौपदी भेटली ती १९८८ नंतर, रविवारी सकाळी दूरदर्शनवर. तिचं मन अर्जुनावर, हे मात्र घरातल्या मोठ्यांकडून आधीच ऐकलेलं. मत्स्यभेद त्याने केला, मग प्रेमही त्याच्यावरच असणार! इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधला ‘द्रौपदी’ हा लेख या ऐकीव प्रेमकथेला शांतपणे प्रश्न विचारतो.

महाप्रस्थानात, पांडवांच्या अखेरच्या वाटचालीत, द्रौपदी सर्वांत आधी कोसळते. भीम कारण विचारतो. धनंजयाकडे, म्हणजे अर्जुनाकडे, तिचा ओढा अधिक होता, असं सांगून युधिष्ठिर मागे न पाहता चालत राहतो. महाप्रस्थानाची कथा तिला इथेच सोडते. भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेलं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम १९६६ मध्ये पुरं झालं. पुढच्याच वर्षी ‘युगान्त’ आलं. इथवरची कथा त्या आवृत्तीतली, पुढची माझी, हे इरावतीबाई स्पष्ट सांगतात आणि आपल्या भागाला ‘नरोटी’, म्हणजे रिकामी करवंटी, म्हणतात. संहिता कुठे संपते हे डेक्कन कॉलेजातली संशोधक जाणते. ‘परिपूर्ती’सारखे आत्मपर लेख लिहिलेली लेखिका तिथून पुढे जाते.

पडलेली द्रौपदी अजून जिवंत आहे. ती आयुष्याचा हिशेब मांडते. अर्जुनासाठी आपला जीव तुटला; त्याचा आपल्यासाठी कधी तुटला का? जीव तुटला तो भीमाचा. सौगंधिक फुलं त्याने आणली, कीचकाला त्याने मारलं, भर द्यूतसभेत युधिष्ठिराचे हात जाळायला तोच निघाला. तो जवळ येतो, तेव्हा ती त्याला एवढंच मागते: पुढच्या जन्मी तू थोरला हो, म्हणजे आम्ही सगळे निर्धास्त राहू.

लेखाचं सगळं सौंदर्य या मागण्यात आहे. ‘फक्त माझा हो’ असं ती म्हणत नाही. तिला पणाला लावलं ते थोरल्याने, थोरलेपणाच्या अधिकारात. आणि भीमाचा राग अडला तोही त्याच थोरलेपणापुढे. म्हणून ती तो अधिकार प्रेम करणाऱ्याच्या हाती मागते. ‘आम्ही सगळे’ म्हणताना पणाला लावणाऱ्यालाही वगळत नाही. जिंकून नेणाऱ्यापेक्षा पाठीशी उभा राहणारा मोठा, हे तिला अखेरच्या श्वासाला उमगतं.

मूळ कथेचा एक शब्दही न बदलता प्रेमाचा अर्थ बदलणारं असं लेखन मराठीत विरळा. ‘युगान्त’ घरात असेल, तर आज हा एक लेख तरी वाचा; आणि वारशाने आलेली एखादी प्रेमकथा स्वतःच्या अनुभवाशी ताडून लिहून पाहा. फक्त ऐकलेलं कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं, ते इरावतीबाईंसारखं प्रामाणिकपणे सांगा.