झिलईचें रसायन आणि रसिकाची दृष्टि

मातीच्या भांड्याचें रसग्रहण करण्याची परंपरा आमच्या वाङ्मयांत जवळजवळ नाहीं. चित्रावर, शिल्पावर, गायनावर आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. पण मातीचें भांडें समोर आलें कीं आमचा टीकाकार त्याच्या घाटाविषयीं दोन शब्द बोलतो, नाहीं तर त्यावर काढलेल्या वेलबुट्टीकडे वळतो. या दोहोंच्या जोडीला भांड्यावर जी कांचेची पातळ त्वचा असते, जिला आपण झिलई म्हणतों, तिच्याविषयीं ‘चकाकी बरी आहे’ यापलीकडे त्याला कांहीं सुचत नाहीं. अलीकडे प्रदर्शनांतून जीं पात्रें मांडलेलीं दिसतात, त्यांत मात्र बहुधा झिलईच मुख्य असते: कोठें फोड आलेली, कोठें सुरकुतलेली, कोठें ओघळून थिजलेली, कोठें स्फटिकांनीं फुललेली. अशा पात्रापुढें उभें राहून ‘विलक्षण!’ एवढेंच उद्गारणें ही टीका नव्हे. तें वैलक्षण्य कशानें आलें, आणि तें त्या पात्रास शोभतें काय, हे दोन प्रश्न तरी विचारले पाहिजेत.

पहिल्या प्रश्नाची टाळाटाळ आमच्याकडे जुनी आहे. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची स्थापना १८५७ सालीं झाली. १८७० नंतरच्या दशकांत तिचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनीं सिंधमधून कसबी कुंभार आणवून तेथें झिलईच्या भांड्यांचें काम सुरू केलें. तीं भांडीं ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नांवानें ओळखलीं जातात, व लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत त्यांचे नमुने आहेत. याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स हे शाळेच्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति करीत होते. साहजिकच त्या आकृति कागदावरून सुरईवर व रांजणावर उतरल्या. हें काम नेटकें आहे, रेषा सफाईदार आहे, यांत वाद नाहीं. पण आमच्या मतें या सर्व खटाटोपांत झिलईला काम काय मिळालें, तर तसबिरीवर कांच बसवावी तसें चित्रावर पारदर्शक आवरण घालण्याचें! ज्या सिंधी कारागिरांच्या घराण्यांत निळ्या-हिरव्या झिलईचें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें होतें, त्यांच्या हातून शाळेनें चित्राची राखण करून घेतली. झिलई स्वतः कांहीं बोलूं शकते, ही कल्पनाच त्या शिक्षणांत दिसत नाहीं.

ती बोलते कशी, हें समजण्यास थोडें रसायन हवें. वाचकांनीं कंटाळूं नये. झिलई म्हणजे कांच. कांच होते ती मुख्यतः सिलिकेची, म्हणजे गारगोटीच्या पुडीची. पण ती एकटी वितळण्यास १७०० अंशांपर्यंत उष्णता लागते. म्हणून तिच्यांत चुना, सोडा, पोटॅश, जस्त, टाकणखार असे द्रावक मिसळतात, आणि वितळलेला रस भांड्यावरून वाहून जाऊं नये म्हणून मातींतील अॅल्युमिना. या घटकांचें प्रमाण वजनानें न मांडतां रेणूंच्या हिशेबानें मांडण्याची रीत बर्लिनचे रसायनज्ञ हेर्मान सेगर यांनीं एकोणिसाव्या शतकांत घालून दिली. द्रावकांची बेरीज एक धरावी व बाकीचे घटक त्या मानानें मोजावे, एवढीच ती युक्ति. पण तिच्यामुळें एका देशांतील झिलई दुसऱ्या देशांतील दगड-मातींतून पुन्हा रचणें शक्य झालें.

रंगाची गोष्ट याहून मौजेची आहे. लोखंडाचा गंज शेंकडा एक-दोन इतका घातला आणि भट्टींत प्राणवायूची टंचाई ठेवली, तर शेवाळी हिरवी छटा येते. तीच झिलई भरपूर हवेंत भाजली तर पेंढ्यासारखी पिवळट. प्रमाण आठ-दहापर्यंत नेलें कीं काळी-तपकिरी, कडेला तांबूस होणारी झिलई. तांब्याचा अर्धा भाग धुरकट भट्टींत रक्तवर्ण देतो, मोकळ्या भट्टींत हिरवा. चीनच्या सोंग राजवटींतील ‘च्युन’ भांड्यांचा दुधाळ निळा तर कोणत्याच निळ्या द्रव्याचा नव्हे. त्या झिलईंत एका कांचेचे अतिसूक्ष्म थेंब दुसऱ्या कांचेंत विखुरलेले असतात. त्यांवर प्रकाश विखुरतो, आणि आकाश ज्या प्रकारें निळें दिसतें जवळजवळ त्याच प्रकारें भांडें निळें दिसतें. हें ठाऊक असलेला मनुष्य तो निळा रंग पाहून अधिकच हरखतो. ज्ञानानें रसभंग होतो, हें म्हणणें निदान या कलेपुरतें खोटें आहे.

पण धुराची भट्टी ठेवावयाची कोठें? धारावीच्या कुंभारवाड्यांत जाळाची व धुराची वहिवाट आहे. पनवेलच्या खांदा कॉलनीसारख्या सिडकोनें आंखलेल्या वसाहतींत एखाद्यानें राहत्या घरीं हा नाद धरला, तर त्याला विजेच्या लहान भट्टीवरच भागवावें लागेल. शेजारी धूर खपवून घेणार नाहींत, आणि तसा धूर विजेच्या तारांनाही मानवत नाहीं. मग चिनी रक्तवर्ण व शेवाळी छटा या त्याला पारख्या झाल्या, असें पुष्कळजण समजतात व निराश होतात. आम्हांस ही निराशा अकारण वाटते. व्हिएन्नाहून १९३८ सालीं लंडनला आलेल्या लूसी री यांनीं आल्बियन म्यूज येथील आपल्या घराच्या तळमजल्यावर विजेच्या भट्टींतच आयुष्यभर काम केलें. झिलईंत सिलिकॉन कार्बाइडची पूड घातली तर ती आंतल्या आंत वायु सोडते; पृष्ठभाग फुटून ज्वालामुखीच्या दगडासारखा खड्ड्याखड्ड्यांचा होतो. री यांच्या पात्रांवरील ती खडबडीत त्वचा प्रसिद्धच आहे. हीच पूड अत्यंत बारीक व अल्प प्रमाणांत तांब्याबरोबर घातली, तर विजेच्या भट्टींतही लाली उतरते. जस्ताच्या झिलईंत भट्टी सावकाश निववून स्फटिकांचीं फुलें उमलवितां येतात, त्यांसही धूर लागत नाहीं. अडचण ओळखून तिच्यांतून काढलेली ही वाट उसन्या चिनी थाटापेक्षां आम्हांस अधिक मोलाची वाटते.

या संदर्भांत श्रीमती निर्मला पटवर्धन यांच्या ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ या १९८४ च्या ग्रंथाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. परदेशी पुस्तकांतील कृति जशीच्या तशी उतरून घेणाऱ्यास लवकरच कळतें कीं, कॉर्नवॉलचा दगड व आपल्याकडचा फेल्डस्पार हे सख्खे भाऊ नव्हेत. भारतांत मिळणाऱ्या द्रव्यांवर उभें राहून झिलईचा विचार करण्याची ही खटपट म्हणूनच फार महत्त्वाची. आमची तक्रार ग्रंथकर्त्रीविरुद्ध नसून आमच्या भाषेविरुद्ध आहे. ग्रंथ इंग्रजींत आहे, आणि जो कुंभार चाकावर आमच्यापेक्षां शतपटीनें निष्णात आहे त्याला तो वाचतां येईलच असें नाहीं. टाकणखार, शेंदूर, मुरदाडशिंग, गेरू हीं नांवें आमच्या बाजारांत होतींच. त्यांच्या आधारें हें शास्त्र मराठींत सांगणें अशक्य नव्हतें.

आतां दुसरा प्रश्न, शोभण्याचा. ज्वालामुखीसारखी खडबडीत झिलई उभ्या फुलपात्रावर पाहावी. ती चहाच्या पेल्याच्या कांठावर आली कीं ओठांस बोचते. बारीक चिरांचें जाळें, जें झिलई मातीपेक्षां अधिक आकसल्यामुळें पडतें, शोभेच्या थाळीवर मनोहर, पण आमटीच्या वाडग्यांत तेल व हळद धरून बसतें. आमच्या घरांतली तपकिरी-पांढरी लोणच्याची बरणी या दृष्टीनें पाहण्यासारखी वस्तु आहे. तिला कोणी कलाकृति म्हणत नाहीं; तथापि मीठ, आंबट रस व तेल हीं वर्षभर पोटांत घेऊनही तिची झिलई ढळत नाहीं. उलट तांबें किंवा बेरियम सढळ हातानें घातलेल्या कित्येक मंद-निळ्या झिलया दिसावयास मोहक, आणि आंबटाशीं गांठ पडतांच विष सोडणाऱ्या. शिशाच्या कच्च्या झिलईचीही तीच कथा. कुंभार एक साधी परीक्षा करतात: लिंबाची फोड झिलईवर रात्रभर ठेवावयाची, आणि सकाळीं खालचा रंग पालटला असेल तर तें भांडें जेवणाच्या पंक्तींतून काढावयाचें. लिंबानें डाग पडला नाहीं म्हणजे भांडें निर्दोष ठरलें असें मात्र नव्हे. त्यासाठीं प्रयोगशाळेकडेच गेलें पाहिजे. प्रदर्शनांत वाडगे व पेले मांडणाऱ्यांनीं किंमतीच्या चिठ्ठीवर या परीक्षेचा निकालही लिहावा, अशी आमची सूचना आहे.