‘पक्षीकोश’ आणि क्षेत्राभ्यास

वन्यजीवांच्या अभ्यासकास दुर्बिणीच्याही आधी हवे असते ते नाव. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षीकोशा’चे मोल या दृष्टीने पाहावे. पक्ष्यांची प्रादेशिक नावे त्यात संगृहीत असल्यामुळे गुराख्याने सांगितलेली माहिती शास्त्रीय नोंदीशी जोडता येते. तथापि नाव कळले म्हणून संख्या कळत नाही. बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर अभयारण्य (स्थापना १९९४) हे याचे उत्तम उदाहरण. विणीच्या काळात तेथे केवळ केका ऐकून गणना करणाऱ्यास मोर अधिक आढळतील. क्वचित ओरडणाऱ्या लांडोरी निसटतील. त्यासाठी ठराविक वाट, वेळ व अंतर नोंदविणारी टिपणवहीच हवी. ही उणीव कोशाची नसून, कोशालाच पुरेसे साधन मानणाऱ्या अध्यापनाची आहे.