काटेरी झुडपातलं घर

फ्लोरिडातली स्प्लॅश माउंटन २०२३च्या जानेवारीत बंद झाली आणि कॅलिफोर्नियातली त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस. त्या दिवसांत 'राइडमधलं पाणी' म्हणून बरण्या चक्क ईबेवर विकायला आल्या होत्या. देव्हाऱ्यात गंगाजलाचा गडू ठेवणाऱ्या आपण त्याला हसायचं कारण नाही. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना एकदा तरी डिस्नी दाखवायचं, हा इथल्या मराठी घरांतला जवळजवळ कुळाचारच. शेवटच्या उडीच्या क्षणी टिपलेला फोटो, पुढे किंचाळणारी नातवंडं आणि मागे साडीवर स्वेटर घालून डोळे घट्ट मिटलेली आजी, अनेक घरांत अजून जपून ठेवलेला असेल. ती नातवंडं आता तिशी-चाळिशीत आहेत आणि हळहळताहेत. त्यांची हळहळ खरी आहे, पण ती नेमकी कशासाठी आहे हे तपासून पाहण्यासारखं आहे.

राइड म्हणून स्प्लॅश माउंटन उत्तमच होती आणि ते श्रेय केवळ पन्नासेक फुटांच्या उडीचं नव्हतं. तिच्यात एक नीट बांधलेली गोष्ट होती. ओंडक्यासारख्या होडीत बसून आपण संथ पाण्यातून निघायचो. ब्रेर रॅबिट नावाचा ससा घराला कंटाळून बाहेर पडतो, कोल्हा आणि अस्वल त्याच्या मागे लागतात आणि शेवटी तो सापडतो. मग तो गयावया करतो, की हवं ते करा, पण त्या काटेरी झुडपात तेवढं टाकू नका. कोल्हा त्याला नेमकं तिथेच फेकतो आणि ससा हसत पळून जातो, कारण त्याचा जन्मच त्या काट्यांतला. होडी वर चढताना दोन गिधाडं आपल्याला भीती घालायची आणि मग आपणही सशाबरोबर फेकले जायचो. म्हणजे ती उडी गोष्टीचाच कळस होती. जी शिक्षा वाटली ती घरवापसी निघायची. घर सोडून आलेल्यांच्या मुलांना ही गोष्ट भिडावी यात नवल नाही.

पण ही गोष्ट मुळात दक्षिणेतल्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांची. ज्याच्या अंगात बळ नाही, त्याने अक्कल लढवून बळवंताच्या तावडीतून सुटायचं, हा तिचा जीव. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने पोरवयात जॉर्जियातल्या एका मळ्यावर अशा गोष्टी ऐकल्या आणि १८८० साली अंकल रीमस या काळ्या म्हाताऱ्याच्या तोंडी घालून त्यांचं पुस्तक काढलं. १९४६मध्ये डिस्नीने त्यावर 'साँग ऑफ द साउथ' हा सिनेमा केला. त्यातल्या मळ्यावरच्या गोडगोड चित्राला एनएएसीपीने तेव्हाच आक्षेप घेतला होता. अंकल रीमसची भूमिका करणाऱ्या जेम्स बॅस्केटला अटलांटातल्या पहिल्या खेळाला हजर राहता आलं नाही, कारण शहरात वर्णभेदाचे कायदे होते. १९८६नंतर हा सिनेमा अमेरिकेत पुन्हा थेटरांत आला नाही आणि घरी पाहायला कॅसेट किंवा डीव्हीडी इथे कधीच निघाली नाही.

१९८९मध्ये कॅलिफोर्नियात राइड उघडली तेव्हा अडचणीचं सगळं आधीच काढून टाकलेलं होतं. डांबराच्या बाहुलीच्या जागी मधाचं पोळं आलं. अंकल रीमस गेला आणि गोष्ट सांगायला ब्रेर फ्रॉग, म्हणजे एक बेडूक, आला. इतकंच काय, तिथली बरीचशी यांत्रिक बाहुलीमंडळी 'अमेरिका सिंग्ज' या १९८८मध्ये बंद झालेल्या दुसऱ्या खेळातून उचललेली होती. ज्याला आपण 'मूळची' राइड म्हणून कवटाळतो, तीही कोणाच्या तरी बालपणावर उभी होती.

"आम्ही तो सिनेमा पाहिलाच नव्हता, आमच्यासाठी तो फक्त ससा होता," हा राइडच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद. तो खोटा नाही. पण आपल्याला काही ठाऊक नव्हतं, ते तसं ठाऊक होऊ नये अशीच राइडची बांधणी होती म्हणून. सांगणाऱ्याला वगळून त्याची गोष्ट तेवढी ठेवली, तर प्रेक्षक निरागसच राहणार.

इथे आपल्यातल्या काहींना आणखी एक मोह होईल. डांबराच्या बाहुलीशी जुळणारी कथा पंचावुध जातकात आहे. त्यात राजपुत्र राक्षसाच्या चिकट केसांना हात, पाय आणि डोकं अशा पाच ठिकाणी चिकटतो. अभ्यासकांनी यावर पुष्कळ वाद घातला आहे. पण 'म्हणजे मूळचं आपलंच' असं म्हणून मोकळं होणं हा सांगणाऱ्याला वगळण्याचाच दुसरा प्रकार.

आता त्याच पाण्यावर, त्याच उडीवर 'टियानाज बायू ॲडव्हेंचर' उभी आहे. फ्लोरिडात ती २०२४च्या जूनमध्ये सुरू झाली आणि कॅलिफोर्नियात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. २००९च्या सिनेमात डिस्नीच्या या पहिल्या काळ्या राजकन्येचा बराचसा वेळ बेडकी होण्यात गेला होता. राइडमध्ये ती माणूस म्हणून, यजमानीण म्हणून भेटते. हे मोठंच पाऊल आहे. पण गोष्ट पातळ झाली आहे. मार्डी ग्रासच्या मेजवानीसाठी वादक गोळा करायचे आहेत, त्यात शत्रू नाही, धोका नाही. मामा ओडी आपल्याला बेडकाएवढं लहान करते आणि उडी मारली की आपण पुन्हा मोठे होतो. उडी तेवढ्याच उंचीची आहे, पण तिच्या मागची निकड गेली. अन्याय पुसताना काटेही उपटले गेले.

म्हणून राइड बंद झाली ते योग्य झालं असं मला वाटतं, आणि नवी तिच्या तोडीची नाही असंही वाटतं. ही दोन्ही मतं एकाच माणसाला सुखाने बाळगता येतात. आपली मुलं इथे वाढली, इथलं बालपण त्यांनी हक्काने घेतलं. मग त्या बालपणाचा हिशेबही त्यांचाच आहे आणि 'आपण बाहेरचे, आपला काय संबंध' असं म्हणून तो चुकवता येत नाही.

टोकियोतली स्प्लॅश माउंटन अजून चालू आहे. ज्यांना राहवत नसेल त्यांनी तिकडे जावं. त्याहून स्वस्त उपाय गावच्या लायब्ररीत मिळू शकेल. ज्युलियस लेस्टर या काळ्या लेखकाने १९८७मध्ये याच गोष्टी नव्याने सांगितल्या आणि चित्रं जेरी पिंकनीची आहेत. ससा तोच आहे, काटेही आहेत. नातवंडांना वाचून दाखवा, आणि गोष्ट कोणी रचली तेही सांगा.