दारफाळणी ते दरबार : मराठी ख्रिस्ती लेखनातले देवाचे पावित्र्य

खोपोलीच्या अलीकडे महड आहे. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे गाव. रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ साली बांधलेले देऊळ, १८९२पासून अखंड तेवतो असे सांगतात तो नंदादीप, आणि भाविकाला गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पूजा करता येते ही ख्याती. याच रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात महाड आहे. नावात फरक फक्त एका कान्याचा. तिथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली, आणि पुढे सनातन्यांनी पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून त्या तळ्याची ‘शुद्धी’ केली. एकाच जिल्ह्यात पावित्र्याच्या दोन तऱ्हा नांदत होत्या. एकीत देवाला हात लावता येत होता, तर दुसरीत माणसाचा हात लागल्याने पाणी बाटत होते.

जे पवित्र आहे त्याच्याजवळ कोणी जायचे आणि कसे, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्याही मुळाशी आहे. मराठीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकांना तो सोडवताना मराठी शब्दच वापरावे लागले, आणि त्या शब्दांना सोवळ्या-ओवळ्याचा, गाभाऱ्याचा, पायरीचा इतिहास चिकटलेला होता. ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई या तिघांच्या लेखनाकडे या एका प्रश्नाच्या अंगाने पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. टिळकांवरच्या समीक्षेत ‘फुलामुलांचे कवी’ आणि ‘वारकरी वळणाचे ख्रिस्ती कवी’ ही दोन लेबले इतकी घट्ट बसली आहेत की हा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारलेला नाही.

सुरुवात मात्र ख्रिस्ती मंडळींपासून करता येत नाही. कोकणपट्टीत त्यांच्या आधीपासून एक समाज बायबलच्या जुन्या करारातला पवित्र दिवस मराठीत पाळत होता. हा समाज म्हणजे बेने इस्रायल. अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले असे ते मानतात. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे आपल्या गावांवरूनच आली. पनवेलचे त्यांचे सिनेगॉग १८४९ सालचे. त्यांच्यातले हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. त्यात सणांची जुनी मराठी नावे नोंदलेली आहेत. प्रायश्चित्ताच्या दिवसाला, म्हणजे योम किप्पुरला, हे लोक ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. दारफाळणी म्हणजे दारे लावून घेणे. त्या दिवशी उपवास करायचा, पांढरे कपडे घालायचे, घराची दारे बंद करायची आणि बाहेरच्या कोणाचा संपर्क होऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. तेव्हा दारे उघडायची, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचे.

या नावात मोठा अर्थ आहे. लेवीयच्या १६व्या अध्यायात या दिवसाचा मूळ विधी आहे. यरुशलेमच्या मंदिरात पडद्याआड परमपवित्रस्थान होते. तिथे वर्षातून एकाच दिवशी एकाच माणसाने, प्रमुख याजकाने, स्नान करून, साधी तागाची वस्त्रे नेसून, बलीचे रक्त घेऊन जायचे. इतर सर्वांनी बाहेर थांबायचे. मंदिर पडले, विधी थांबला, पण समुद्राकाठच्या घाणेवाल्यांनी त्या दिवसाचे सार एका मराठी शब्दात अचूक धरून ठेवले. देव पवित्र आहे, म्हणून आज दार बंद.

ख्रिस्ती धर्माचा दावा नेमका या बंद दाराशी उभा आहे. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तय सांगतो. इब्री लोकांस लिहिलेले पत्र त्याचा अर्थ लावते : आता त्या आतल्या जागी सर्वांनी धीराने यावे. पण तेच पत्र दोन अध्यायांनंतर बजावते की हा देव भस्म करणारा अग्नी आहे, त्याची सेवा भीडभय बाळगून करा. म्हणजे दार उघडले ते देवाचे पावित्र्य उणे झाले म्हणून नव्हे. अग्नी तोच आहे, आणि तरी आत बोलावणे आहे. या दोन गोष्टी एकत्र धरणे अवघड. माझ्या मते मराठी ख्रिस्ती लेखनाचा कस इथे लागतो.

सोवळ्याचे काय करायचे, याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर लक्ष्मीबाईंनी दिले. ‘स्मृतिचित्रे’ सुरू होते तेच वडिलांच्या सोवळ्यापासून. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्यानंतर त्यांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी जिन्नस धुऊन घेण्यात घरच्या बायकांचा जीव मेटाकुटीला येई. लक्ष्मीबाई हे विनोदाने सांगतात, आणि वाचक हसतो. पण नीट वाचले तर त्या हसण्याखाली भय दिसते. जगातले काहीतरी भयंकर अंगाला लागले आहे आणि ते कितीही धुतले तरी जात नाही, असे ते भय आहे. पुढे १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. परत नांदायला आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. मग विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले की जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या. त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांची तयारी झाली. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली.

हा क्रम महत्त्वाचा आहे. येशू कुष्ठरोग्याला हात लावतो, रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते, या मार्काच्या शुभवर्तमानातल्या गोष्टी. सोवळ्याच्या नियमाने दोन्ही वेळी त्याला विटाळ व्हायला हवा होता. होते उलटे. कुष्ठरोगी शुद्ध होतो, बाई बरी होते. सोवळ्यात स्पर्शाने विटाळ पसरतो, इथे स्पर्शाने पावित्र्य पसरते. लक्ष्मीबाईंनी यावर प्रवचन लिहिले नाही. स्वयंपाकघरात त्यांच्या बाबतीत काय घडले एवढेच त्यांनी लिहिले, आणि म्हणूनच ते पटते.

टिळकांचा मार्ग वेगळा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्यांच्या ‘अभंगांजली’त ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे आणि सर्वांत जास्त माउली आहे. मिशनऱ्यांच्या भाषांतरित, ठोकळेबाज गीतांच्या तुलनेत ही भाषा म्हणजे तापल्या जमिनीवर पहिला पाऊस. ती आजही मराठी चर्चमध्ये गायली जाते. मराठी माणसाला ख्रिस्ताच्या जवळ बसवण्याचे काम टिळकांइतके कोणी केले नाही, हे मान्यच करायला हवे.

पण इथे मला एक अडचण दिसते. माउलीपाशी जायला पडदा फाटावा लागत नाही, ती मुळात पडद्याआड नसतेच. ज्या अभंगांत नुसता जिव्हाळा आहे तिथे वधस्तंभाची गरज काय, असा प्रश्न पडतो. दुसरी अडचण त्याहून मोठी, आणि ती खुद्द वारकरी परंपरेनेच दाखवून दिली आहे. पंढरपुरात विठ्ठल माउली होता, त्याच्या पायांवर डोके टेकवता येत होते, आणि तरीही चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, पायरीच्या बाहेर आहे. ते दार अस्पृश्यांना उघडले १९४७च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. म्हणजे सहा शतके देव आई होता आणि दार बंद होते. जिव्हाळ्याची भाषा आपोआप दार उघडत नाही. आत बसलेल्यांना ती उलट समाधानात ठेवू शकते.

हा आक्षेप फक्त दुसऱ्यांच्या देवळावर घेता येणार नाही. नगर जिल्ह्यातली बहुतेक ख्रिस्ती मंडळी महार-मांग समाजांतून आलेली. ब्राह्मण घरातून आलेल्याला त्यांच्याबरोबर प्रभुभोजनाला बसणे, एकाच प्याल्याला तोंड लावणे, ही पदांपेक्षा कठीण परीक्षा होती. भजनात माउली म्हणून जो तो प्याला टाळील, त्याने पडदा पुन्हा शिवून टाकला असेच म्हणावे लागेल.

रमाबाईंकडे आले की तिसरा सूर ऐकू येतो. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी १९०७च्या आपल्या इंग्रजी साक्षीत मोकळेपणी लिहिले आहे. तो त्यांना सापडला तो आणखी आठेक वर्षांनी, आपण पापी आहोत हे उमगल्यावर. अपार विद्वत्ता असलेली बाई देवापुढे आपली शिदोरी रिकामी आहे म्हणते, तेव्हा देव पवित्र आहे या वाक्याला वजन येते. १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात जे आध्यात्मिक जागरण झाले त्यात दुष्काळातून वाचलेल्या मुली रडत आपली पापे कबूल करत होत्या. आजच्या वाचकाला ते अतिरेकी वाटेल. पण ज्यांना जगाने केवळ विटाळ मानले, त्या विधवा आणि अनाथ मुलींना इथे पहिल्यांदा कोणी सांगत होते की तुमच्या मनाचा हिशेब देव स्वतः घेतो, मधे कोणी नाही. जबाबदार धरले जाणे हाही एक मान असतो.

त्यांचे बायबलचे भाषांतर याच दृष्टीतून झाले. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांतून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. वेदान्ताचा वास येणारे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. मुक्तीतल्या बायकांनीच छपाईचे काम केले. १९२२ साली रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. भाषा कित्येक ठिकाणी खडबडीत आहे, टिळकांचा गोडवा तिच्यात नाही. मला हा दोष वाटत नाही. देव सहज ओळखीचा होऊ नये, एवढी काळजी तो खडबडीतपणा घेतो.

लेवीयच्याच १९व्या अध्यायात देव पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा अशी आज्ञा येते. तिच्या पाठोपाठ काय येते ते पाहावे. शेताच्या कडा कापू नका, सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. कर्जत-खालापुरात भाताच्या कापणीनंतर सरवा हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. दिवाळी सरली की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबे आणि त्यांच्या फिटता न फिटणाऱ्या हिशेबाच्या वह्याही इथे नव्या नाहीत. बायबलच्या पावित्र्याची ही बाजू मराठी ख्रिस्ती काव्यात फार कमी उतरली. देवाजवळ जाण्याची वाट त्या मजुरीच्या वहीवरून जाते, हे अभंगात आले असते तर ते तुकोबांच्याही जवळचे ठरले असते.

टिळकांना हे शेवटी जाणवले असावे, असे मला वाटते. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सारे त्यात भाऊ म्हणून यावेत, अशी कल्पना. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ला, टिळक गेले, आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ही अपुरे राहिले. त्याचे बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले.

अभ्यासक दरबाराकडे फसलेला प्रयोग म्हणून पाहतात. मला त्या नावाची निवड मोलाची वाटते. ज्याने आयुष्यभर माउली म्हटले, त्याने अखेरच्या घराला ‘माहेर’ म्हटले नाही, ‘दरबार’ म्हटले. दरबारात राजा समोर असतो, म्हणून माणूस सावरून उभा राहतो. आणि न्यायाचा दरबार असेल तर तिथे फिर्यादीला मज्जाव नसतो, मग तो चोखोबाच्या पायरीवरचा असो की वीटभट्टीवरचा. जवळीक आणि भय एकत्र सांभाळणारा शब्द टिळकांना सापडला होता. त्या शब्दाची कविता करायला त्यांना वेळ मिळाला नाही. ते काम मराठी ख्रिस्ती साहित्यात अजून बाकी आहे.