श्राव्य इतिहासकथन व आधारनिर्देश

पॉडकास्ट या नांवाच्या श्राव्यमालिकांचा गेल्या वीस वर्षांत मोठा प्रसार झाला असून, इतिहास हा त्यांचा एक आवडता विषय आहे. ग्रंथपरीक्षणांत आपण ज्या कसोट्या वापरतों, त्या या मालिकांसही लावणें अवश्य आहे. मात्र ग्रंथास तळटीप असते. कानानें ऐकावयाच्या कथनांत तिला जागा नाहीं. तेव्हां आधार सांगावा कसा, हा येथें मुख्य प्रश्न होय.

डॅन कार्लिन यांनीं सन २००६ मध्यें सुरू केलेल्या 'हार्डकोअर हिस्टरी' या मालिकेंत पहिल्या महायुद्धावरील सहा भाग २०१३ ते २०१५ या काळांत प्रसिद्ध झाले. प्रत्येक भाग कित्येक तासांचा आहे. आपण इतिहासकार नाहीं, असें कार्लिन स्वतःच सांगतात. तथापि त्यांचा एक प्रघात अनुकरणीय आहे: दुसऱ्याचा उतारा कोठें सुरू झाला व कोठें संपला, हें ते बोलून दाखवितात. त्यामुळें वाक्य कोणाचें, हें कळतें. दोष असा कीं, खंदकांतील शिपायाची आठवण व उत्तरकालीन ग्रंथकाराचा निष्कर्ष हीं दोन्ही एकाच आवेशानें वाचलीं गेल्यामुळें कोणाचें प्रामाण्य किती, हें कळत नाहीं.

बी. बी. सी. चा 'इन अवर टाइम' हा रेडिओ-कार्यक्रम पॉडकास्टरूपानेंही ऐकावयास मिळतो. १९९८ पासून २०२५ पर्यंत तो मेल्विन ब्रॅग यांनीं चालविला. एका विषयावर बहुधा तीन विद्वानांस बोलावून प्रश्न विचारावयाचे, अशी त्याची योजना. विद्वानांचा मतभेद प्रत्यक्ष ऐकूं येतो, हा तिचा मोठा गुण. सुमारें पाऊण तासाच्या चर्चेंत एखाद्या साधनाची सूक्ष्म छाननी होणें कठीण, ही तिची मर्यादा.

यावरून असें दिसतें कीं, भागाची आंखणी करतांना कथानकाच्या आधीं साधनांची प्रतवारी करावी. उदाहरणार्थ, दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजीं बुराडी घाटावर पडले, ही घटना निर्विवाद आहे. पण मरणसमयीं त्यांच्या मुखीं घातलेलें प्रसिद्ध उत्तर बखरींतून आलेलें आहे. दोन्ही गोष्टी लागोपाठ एकाच सुरांत सांगितल्या, तर श्रोता दोन्हींस सारखेंच सत्य मानील. म्हणून 'बखरकार सांगतो' हे दोन शब्द संहितेंतच हवेत. भागासोबत आधारांची लेखी यादी जोडल्यानें हें काम होत नाहीं. स्वयंपाक करतांना किंवा वाटेनें चालतांना ऐकणारा ती क्वचितच उघडून पाहतो.

ध्वनिमुद्रणानंतरची काटछाटही तितकीच जोखमीची आहे. वेळ वांचविण्यासाठीं रेंगाळणारें वाक्य काढण्याचा मोह होतो, आणि रेंगाळणारें वाक्य बहुधा आधाराचेंच असतें. विधान ठेवून आधार कापूं नये. कापावयाचें तर दोन्ही कापावें.

राजवाड्यांनीं सन १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड प्रसिद्ध करून पानिपत प्रकरणाचीं अस्सल पत्रें पुढें ठेविलीं व बखरींचें प्रामाण्य त्यांवर तपासलें. तो धडा केवळ छापील पानापुरता नव्हता. मराठींत अशा मालिका करणारे आवाज व संगीत यांवर जितके श्रम घेतात, तितकेच आधार बोलून दाखविण्यावर घेतील, तर त्यांचें कार्य संशोधनास पूरक होईल. न घेतील, तर नव्या बखरींची भर पडेल, आणि त्यांचा निरास करण्याचें ओझें पुढील संशोधकांवर येईल.